एक जूनचा कानिफ

कानिफनाथ सुरवसेचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं उठतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. तो अमेरिकेला गेल्यापासून आमच्या गावाला दुसरा विषयच उरला नव्हता. पारावर कानिफ, पिठाच्या गिरणीत कानिफ, माझ्याच शाळेत शिक्षकांच्या खोलीत कानिफ. खर्ड्याच्या बाजारात ओळखदेख नसलेली माणसं मला थांबवून विचारायची, "तुमी त्या अमेरिकेवाल्याच्या गावचे ना?" मी त्या गावच्या हायस्कूलचा हेडमास्तर. मॅट्रिकला केंद्रात पहिला आलेलो. पण मी कुठला हे कळायला लोकांना त्याचं नाव लागायचं.

आम्ही दोघं एका वर्गातले, एका गल्लीतले. त्याचा बाप तो चालायला लागायच्या आत गेला. आई राहीबाई, मी तिला काकी म्हणतो, हिनं दुसऱ्याच्या रानात खुरपून आणि स्वतःची दोन एकर कोरडवाहू कसून त्याला वाढवलं. कानिफ अभ्यासात साधारण होता. साधारण म्हणतो हाही माझा मोठेपणा समजा. इंग्रजीच्या तासाला त्याला उभं केलं की आम्हाला करमणूक असायची. शेवटच्या बाकावर बसून तो ज्वारीची ताटं चिरायचा. खिशात कायम अर्धं ब्लेड. ज्या ताटाचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, वाळलाय त्याच्या आत खोडमाशीची अळी कुठं बसते, कुठून शिरते, हे त्याला बघायचं असायचं. एकदा गुरुजींनी त्याच्या दप्तरातून सात-आठ ताटं काढली आणि त्या ताटांनीच त्याला बडवला. मार खाऊन झाल्यावर यानं खाली पडलेलं एक मोडकं ताट उचललं आणि आत डोकावून बघितलं. सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो, हे मला चांगलं आठवतं.

मॅट्रिकनंतर मी नगरला आर्ट्सला गेलो, तो पुण्याला शेतकी कॉलेजात. "शेती शिकायला कॉलेज कशाला लागतं?" असं मी त्याला एस. टी. स्टँडवर म्हणालो होतो. तो म्हणाला, "आपल्याला येत न्हाई म्हनून." त्याचं बोलणं असंच, बिनमिठाचं. मी बी. ए., बी. एड. होऊन गावच्या नव्या हायस्कूलात लागलो आणि दोन वर्षांत हेडमास्तर झालो. गावात माझ्याइतका शिकलेला कुणी नव्हता. हे सुख मला जेमतेम वर्षभर मिळालं.

कारण अडुसष्ट साली कानिफ एक अर्ज घेऊन माझ्याकडे आला. कॅन्सस नावाच्या प्रांतातल्या एका विद्यापीठाला ज्वारीवर काम करणारी मुलं हवी होती. आपलं इंग्रजी किती कच्चं आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून तो माझ्याकडे आला. तो खोडमाशीबद्दल मराठीत बोलत गेला, मी डिक्शनरी उघडून ते इंग्रजीत बसवत गेलो. तीन दिवस गेले त्यात. असल्या किडामुंगीच्या गोष्टींवर कोण कुणाला अमेरिकेला नेतो, असं मला वाटत होतं, म्हणूनच मी मन लावून लिहिलं. त्यांनी नेलं. त्या अर्जातला एकही शब्द त्याचा नव्हता, असं मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. शब्द माझेच होते. सांगितलेलं मात्र सगळं त्याचं होतं, एवढं मी गाळायचो.

दर महिन्याला त्याचं निळं हवाई पत्र यायचं, आईच्या नावानं. काकीला अक्षरओळख नाही. शाळा सुटली की ती व्हरांड्यात येऊन बसायची आणि म्हणायची, "राधाकिस्ना, पत्त्यापासून वाच." मग मी पत्त्यापासून वाचायचो. तिकडे बर्फ पडतो, कपडे धुवायला यंत्र आहे, ज्वारीवर हिरवा मावा ही कीड पडलीय आणि तिला दाद न देणारं वाण हुडकायचं काम कानिफकडे आहे, प्रोफेसर त्याला घरी जेवायला बोलावतात. एकेक ओळ माझ्या घशाखाली खड्यासारखी उतरायची. पण सांगतो ते खरं सांगतो, महिना भरत आला की पोस्टमनची वाट काकीपेक्षा मीच जास्त बघायचो. पत्र उशिरा आलं तर मला चैन पडायचं नाही. आपण कशावर जळायचं याची महिन्याची शिदोरीच होती ती. वाचून झालं की काकी पत्र घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि जायची. माझी पोरं कशी आहेत, माझं काय चाललंय, असं तिनं पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एकाहत्तर साली त्याचं शिक्षण संपलं आणि तिकडच्याच एका बियाणं कंपनीनं त्याला ठेवून घेतलं. बहात्तरला आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि रेशनवर लाल मिलो यायला लागला. हा मिलो म्हणजे अमेरिकेची ज्वारी. पोत्यांवरच लिहिलेलं असायचं. भाकरी थापली की तुटायची, रंग विटकरी, चव कसलीच नाही. काकीनं मला विचारलं, "हा आपल्या कान्याच्या हातचा असल का रं?" मी म्हणालो, "असेल." त्या दिवशी घरी ताटात तीच भाकरी आली, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऑक्टोबरात त्याचं पत्र आलं ते पहिल्यांदाच माझ्या नावानं. त्याला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळत होती. कंपनीनं अर्ज केला होता, सगळे कागद लागले होते, एकच अडला होता: जन्माचा दाखला. तहसिलीत त्याची नोंदच नव्हती. आता वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे दोन गोष्टी हव्या होत्या. शाळेचा उतारा, आणि जन्म कधी झाला हे आईनं शपथेवर सांगितल्याचा कागद, इंग्रजीत, मॅजिस्ट्रेटच्या सहीशिक्क्याचा. जानेवारीअखेर तो पोचला नाही तर विद्यार्थी म्हणून मिळालेली मुदत संपत होती आणि त्याला देश सोडावा लागणार होता. खाली एक गंमत लिहिली होती. त्याच्या पासपोर्टावर जन्मतारीख एक जून, नगरकडच्याच आणखी एका मुलाची एक जून. वकिलानं विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे काही सण असतो का?

सण कसला. पहिलीत नाव घालायला पोरगं आणलं की गुरुजी बघायचे, डोक्यावरून हात फिरवून उजवा हात डाव्या कानाला पोचतो का. पोचला की पोरगं सहा वर्षांचं, तारीख एक जून. आमच्या वर्गातल्या तेवीसपैकी एकोणीस जण एक जूनला जन्मले होते. त्यात मीही होतो.

मी पत्र घेऊन काकीकडे गेलो. ती दारात मिलो निवडत बसली होती.

"काकी, कानिफचा जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी," ती मान वर न करता म्हणाली. "बैलं मिरवून आनली, जेवनं झाली, आन पहाटंपून कळा सुरू. उन्हं वर आली तवा झाला."

"कागदावर एक जून आहे."

"जूनात कुठला आलाय पोळा?"

"शाळेत तसंच लिहिलंय. पासपोर्टावर पण तेच. तुला शपथेवर तेच सांगावं लागेल."

"बाळंत मी झाले का शाळा?" ती म्हणाली. "जूनात माझं पोट एवढं हुतं. त्या पोटानं मी पेरनी केली. मी कशाला सांगू दुसरं?"

मी तिला समजावून सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, तेव्हा तरी नाही. हात चालू ठेवून तिनं ऐकलं आणि विचारलं, "आन मी पोळ्याचंच सांगितलं तर?"

"तर तिकडचा साहेब म्हणेल, दोन कागद दोन तऱ्हेचं बोलतात. अर्ज फेटाळतील."

"धरत्याल का त्याला?"

"धरणार नाहीत. परत पाठवतील."

तिचा हात थांबला. "हितं?"

"इथंच. दुसरीकडे कुठं जाणार?"

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग खरंच लिही. शपथंवर खोटं कशाला बोलायचं?"

घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मला काहीही वाईट करायचं नव्हतं. फक्त खरं लिहायचं होतं, आणि तेही एका आईच्या सांगण्यावरून. मी टेबल पुसलं, दौत भरली आणि लिहायला बसलो. पोळा म्हणजे काय, तो श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे इंग्रजी ऑगस्टअखेर, हे मी इतकं नीट समजावून लिहिलं की कुठल्याही साहेबाच्या मनात शंका राहू नये. इतकं घोटीव इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्याच्या अर्जातसुद्धा नाही.

पुढचे पंधरा दिवस मी वेगळाच माणूस झालो होतो. वर्गात पोरांना मारलं नाही. पारावर जाऊन बसलो, लोकांनी कानिफचा विषय काढला तर स्वतःच चार शब्द घातले. मॅजिस्ट्रेटच्या सहीशिक्क्यासाठी जामखेडच्या तहसील कचेरीत जायचं होतं, पण घाई कसली? जितका उशीर तितकं बरं.

इकडे काकीनं घर सारवून घेतलं. माळ्यावर मागच्या सालची चांगली ज्वारी थोडी राखून ठेवली होती, ती उतरवून उन्हात घातली. स्वतः मिलोच खात राहिली. कुणी विचारलं की सांगायची, "कान्या येतोय." बातमी गावभर झाली, आणि इथून माझं गणित चुकत गेलं.

शाळा कमिटीच्या मीटिंगला अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "मास्तर, कानिफनाथ येतोय म्हनं. मंग शाळेचं काय तरी ठरवाय पायजे. अमेरिकेत शिकल्याला मानूस गावात असताना आपन बाहेर कशाला बघायचं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तुमी हाईतच. तुमाला कोन हलवतंय? पर वरती तो."

घरी आलो तर विमल, माझी बायको, ताट वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी आले की आपल्या पोरांना थोडं इंग्रजी शिकवतील का हो? तिकडचं, खरं इंग्रजी."

सात वर्षं मी या गावाला इंग्रजी शिकवत होतो. मी ताट सारलं आणि उठलो.

मला तोवर एवढंच कळलं होतं की तो अमेरिकेत नसावा. तो इथं असावा असं मी कुठं म्हटलं होतं? आता तो मला दिसायला लागला. माझ्या खुर्चीत बसलेला, राहुरीच्या शेतकी विद्यापीठाची जीप त्याला न्यायला आलेली, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्याच्या हातात. माझ्या घरात, माझ्या पोरांना जवळ घेऊन. आणि काकी दारात बसून त्याला चांगल्या ज्वारीची भाकरी वाढताना रोज माझ्या डोळ्यांसमोर. तिकडे असताना निदान चार वर्षांत त्याचं तोंड बघावं लागलं नव्हतं. हेवा करायचा तर तो लांबूनच बरा.

ते घोटीव इंग्रजी मी चुलीत घातलं. दुसरा कागद लिहिला, चार ओळींचा. माझा मुलगा कानिफनाथ एक जूनला जन्मला, हे मी आई या नात्यानं शपथेवर सांगते. संपलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी काकीला घेऊन जामखेडला गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कचेरीबाहेर कागद टाइप करून घेतला आणि झाडाखाली बसून तिला वाचून दाखवला. इंग्रजी ओळीवर बोट ठेवायचं आणि मराठी बोलायचं. बोट एक जूनवर आलं तेव्हा मी म्हणालो, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी." आवाज जरासुद्धा हलला नाही. शिकवायची सवय.

"बैलं मिरवल्याली लिवलीस का?"

"लिहिलीत."

"मंग बरं," ती म्हणाली.

नायब तहसीलदारांनी तिला विचारलं, "आजी, मजकूर समजला का?"

"समजला. ह्या राधाकिस्नानं वाचून दावला. खरा हाय."

बाईला मराठीत समजावून सांगितलं, अशी मी खाली सही केली. तिनं अंगठा उठवला आणि शाई भिंतीला पुसली. बाहेर आल्यावर बाजारातून एक कप-बशी घेतली. कान्याला आता पितळीत चहा चालायचा नाही, म्हणाली. एस. टी.त ती कप-बशी मांडीवर धरून बसली होती.

"कागुद कधी पोचल?"

"महिनाभरात."

"मंजी संक्रांत झाल्याव कळल त्यास्नी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त हे वाटलं, की माझ्यासाठी असं कुणी कधी बसलेलं नाही. मी कधी कुठं गेलोच नव्हतो.

संक्रांत गेली, शिमगा गेला. मधल्या पत्रांत काही ठरल्याचं नव्हतं. चैत्रात एक पत्र आलं. शाळा सकाळची होती. काकी उन्हातून आली, व्हरांड्यात टेकली आणि म्हणाली, "पत्त्यापासून वाच."

मी वाचायला लागलो. त्याला कार्ड मिळालं होतं. त्याला ग्रीन कार्ड म्हणतात, पण रंगानं ते निळसर आहे, असं त्यानं लिहिलं होतं. भाड्याचं घर घेतलंय, पुढे अंगण आहे, मागे ज्वारीची चार ताटं हौसेनं लावणार आहे. मोटार चालवायला शिकतोय. 

"येतो कधी?" काकीनं विचारलं. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं. तिचा चेहरा तसाच उजळ होता. घर, अंगण, मोटार यातलं काहीच तिला लागलं नव्हतं. मला मात्र सगळं लागलं होतं, आणि तरी त्याची वाट बघणारी बाई माझ्यासमोर बसली होती. सगळं त्याचंच. पुढचं वाक्य मला सहज गाळता आलं असतं. ते मी मुद्दाम सावकाश वाचलं.

"आई, तू अंगठा दिलास म्हणून मला इथं कायमचं राहता आलं. राधाकृष्णाला सांग, त्याचे उपकार मी विसरणार नाही."

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"जामखेडात तू मला काय वाचून दावलं हुतंस?"

"पोळा."

"आन कागदात काय हुतं?"

खोटं सांगायची माझी तयारी होती. तोंडातून आलं ते मात्र, "एक जून."

तिनं हात पुढे केला, मी पत्र दिलं. तिनं त्याची घडी घातली, नेहमीपेक्षा लहान. "तुला तो तिकडंच ऱ्हायाला पायजे हुता," ती म्हणाली. ती विचारत नव्हती. "तसं मला सांगायचं हुतंस. मी आई हाय. त्याच्यासाठी असतं तर मी खोटा अंगठा बी दिला असता." मग उठली आणि उन्हात निघून गेली.

त्यानंतर ती पत्र घेऊन शाळेत आली नाही. पत्रं येतात, पोस्टमन मला सांगतो. बाजारादिवशी ती चार मैल चालत खर्ड्याला जाते आणि पोस्टातल्या बाबूकडून वाचून घेते. खर्ड्याचा रस्ता माझ्या शाळेवरून जातो. मी तास सोडून व्हरांड्यात उभा राहतो. त्यानं लग्न केलं का, मोटार घेतली का, मागची ज्वारी आली का, मला काहीच कळत नाही. मी त्याला लिहिलं तर तो उत्तर देईल. त्याचं मन मोठं आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण लिहायला बसलो की उपकाराचं ते वाक्य समोर येतं आणि टाक पुढे सरकत नाही. गावात अजून त्याचंच कौतुक चालतं, पण ते सगळं जुनं, मीच वाचून दाखवलेलं.

गेल्या बाजारी मी धीर करून रस्त्यावर गेलो. ती खर्ड्याहून परत येत होती, कमरेची पिशवी फुगलेली दिसत होती.

"काकी, काय लिहितो कानिफ?"

ती थांबली नाही.

"बरा हाय," म्हणाली, आणि पुढे गेली.